घोरेपाड्यातला र

माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी कशालाच हरकत घेतली नाही. मुलगा आगरी, आम्ही मूळचे कोकणातले, तेही त्यांनी पचवलं. वागळे इस्टेटमध्ये आयुष्यभर लेथ मशीनपुढं उभा राहिलेला माणूस, असल्या गोष्टींचं त्यांना फारसं काही वाटायचं नाही. पण पत्रिकेचा मजकूर वाचताना ते एका शब्दापाशी अडकले. "घोरेपाडा? म्हणजे तिथं काय, सगळे घोरतात?" आणि मग जे हसत सुटले ते हळदीपर्यंत. नात्यातला जो कुणी भेटेल त्याला सांगायचे, "मुलगी घोरेपाड्यात दिली. झोपेची काळजी मिटली तिच्या."

मी ठाण्याची. आम्हा ठाणेकरांना आपल्या गावाच्या जुनेपणाचा फार ताठा. कुणी पत्ता विचारला तरी आम्ही 'श्रीस्थानक'पासून सुरुवात करतो. कल्याणकर प्राचीन बंदरावर आल्याशिवाय थांबत नाहीत. डोंबिवलीकर इतिहासाच्या भानगडीत न पडता थेट संस्कृतीवर येतात. आणि डोंबिवलीच्या मागच्या अंगाला, शिळफाट्याच्या रस्त्यावरून आत वळलं की हे आमचं घोरेपाडा. मी लग्न होऊन आले तेव्हा चाळीसेक घरं, एक देऊळ, एक विहीर, एक चिंच. इतिहासाच्या नावानं शंख.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई "सारी, सारी" करत हात पुढं करून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. आदल्या दिवशी मानपानावरून थोडी कुरबुर झाली होती, मला वाटलं, त्याबद्दल माफी मागताहेत. मी भारावून त्यांचा हात हातात घेतला. त्या माझी ओली साडी मागत होत्या, वाळत घालायला. त्या दिवशी मला या गावचा पहिला नियम कळला. इथं ड चा र होतो. गाडी ती गारी, झाड ते झार, घोडा तो घोरा. आणि पाडा तो पारा.

नियम कळल्यावर गावाच्या नावाचा उलगडाही मी परस्पर करून टाकला. पूर्वी कधीतरी इथं सरकारी कारकून आला असणार. त्यानं विचारलं, गावाचं नाव काय? लोक म्हणाले, घोरेपारा. कारकून देशावरचा, शहाणा. 'पारा' असं काही नसतं, 'पाडा' असतं, एवढं त्याला ठाऊक होतं, म्हणून तेवढं त्यानं सुधारलं. 'घोरे' म्हणजे घोडे हे सुचलं नसेल, नाहीतर जेवणाची वेळ झाली असेल. अर्धीच दुरुस्ती करून तो निघून गेला आणि आमचं गाव घोरेपाडा म्हणून सरकारदरबारी रुजू झालं. पुरावा विचाराल तर काहीही नाही. मी शाळेत मराठी शिकवायचे, आणि मराठीच्या शिक्षकांना अशा गोष्टी रचायला पुरावा लागत नाही.

एकदा मी सासूबाईंनाच विचारलं. त्या अंगणात मासळी साफ करत होत्या.

"आई, आपल्या गावाला घोरेपाडा का म्हणतात?"

"का म्हंजे? नाव हाय त्याचा."

"पण अर्थ काय?"

"तुजे नावाचा अर्थ काय गो?"

मी सांगितला. संस्कृतातला, चांगला ऐसपैस. त्यांनी तो निमूट ऐकून घेतला.

"बरा हाय. पन कोनी हाक मारली का तू अर्थाला ओ देतंस, का हाकेला?"

मी स्वयंपाकघरात निघून गेले.

त्यांना नावाचा अर्थ नको होता, नाव हवं होतं, आणि का हवं होतं ते साऱ्या गावाला माहीत होतं. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे माझे मोठे दीर, आमच्या लग्नाच्या बऱ्याच आधी घर सोडून गेले होते. सासऱ्यांनी भाताचं शेत बिल्डरला द्यायचं ठरवलं, थोरल्यानं आडवं लावलं, बापलेकांची जुंपली आणि मुलगा अंगावरच्या कपड्यांनिशी चालता झाला. नंतर कुणी त्यांना सुरतेला पाहिलं, कुणी वापीला. पाहिलं म्हणणारे पुष्कळ, बोललो म्हणणारा एकही नाही. सासरे तोच घोर जिवाला लावून गेले. मी या दिरांना कधी पाहिलेलं नाही. घरातल्या एका जुन्या फोटोत मागच्या रांगेत त्यांचा अर्धा चेहरा दिसतो, पुढच्यानं फेटा बांधलेला असल्यामुळं उरलेला अर्धा दिसत नाही.

सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. पोरगा येणार. कधी ते कुणी सांगावं, पण येणार. आणि तो गेला तेव्हाचं इथं काहीच राहिलेलं नाही. शेतं गेली, विहीर बुजवली, चिंच तोडली, घर पाडून स्लॅबचं बांधलं. "आयला तर वलखल कशाशी?" त्या म्हणायच्या. "नाव तेवरा हाय. नाव इचारत येल."

तोवर गावाभोवती टॉवर उभे राहिले होते. त्यांतल्या सगळ्यांत मोठ्याला इटलीतल्या कुठल्याशा खेड्याचं नाव. ते नाव तिथं राहणाऱ्यांनाही नीट म्हणता येत नाही. प्रत्येक घरात ते वेगळं म्हणतात. पण त्याची कुणाला लाज वाटत नाही. तिकडचं खेडं ते खेडं नव्हेच, ते 'लाइफस्टाइल'. लाज वाटायची ती आमच्या खेड्याची. टॉवरातल्या बायका रिक्षावाल्याला पत्ता सांगताना "ते, पुढचं, घोर... हं, तेच" म्हणून आवाज खाली आणायच्या.

काही वर्षांपूर्वी बिल्डरच्या मनात आलं की रस्त्याच्या तोंडाशी गावाला कमान बांधून द्यावी. आपल्याकडं नळाला पाणी नसलं तरी चालतं, पण कमान पाहिजे. गावकीला हर्ष झाला. माझे धाकटे दीर गावच्या मंडळाचे अध्यक्ष, त्यांना जरा जास्तच झाला. अट एकच होती, नाव बदलायचं.

देवळात सभा भरली. बिल्डरचा माणूस टाय लावून सतरंजीवर मांडी घालून बसला होता, त्याचे गुडघे ऐकत नव्हते. तो म्हणाला, "नाव हिस्टॉरिकल पाहिजे. आता बघा, घोरे म्हणजे जरा... कस्टमर पाहुण्यांना काय सांगणार, मी घोरेपाड्यात फ्लॅट घेतलाय?"

हिस्टॉरिकल म्हटल्याबरोबर सभेला कंठ फुटला. ज्यांनी शाळेत इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर पत्ते कुटले, ते सगळे इतिहासकार झाले. एक काका म्हणाले, हे मूळचं घोरपडपाडा. किल्ल्यावर चढायला लागणाऱ्या घोरपडी इथून पुरवल्या जायच्या. कुठला किल्ला, असं मी विचारलं. ते म्हणाले, जवळचा जो असेल तो. बिल्डरच्या माणसाला घोरपड पसंत पडली नाही. पाल घरात निघाली तरी कस्टमर तक्रार करतात, म्हणाला.

मग अध्यक्ष उठले. घोरे म्हणजे घोडे, असं त्यांनी जाहीर केलं. इथपर्यंत माझंही मत तेच होतं. पण माझा तर्क घोड्यांपाशी थांबला होता, अध्यक्ष थांबले नाहीत. इथं एका मोठ्या सरदाराची पागा होती. कुठल्या सरदाराची ते संशोधनातून पुढं येईल. पुरावा? पुरावा देवळामागं आहे. सगळी सभा उठून देवळामागं गेली. तिथं एक काळा खडक आहे आणि त्या खडकात एक गोल खळगा. "टाप!" अध्यक्ष म्हणाले. लोकांनी मोबाइल काढून फोटो घेतले.

"अरे, तो माजे सासूचा उखल हाय," सासूबाई मागून म्हणाल्या. "त्यान आमी भात कांडाचो."

"आई, तू गप बस जरा," अध्यक्ष म्हणाले.

"मंग घोऱ्याला एकच पाय व्हता?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यानं काही फरक पडला नाही. ठराव पास झाला. गावाचं नाव अश्वनगर. मी आपलं मध्येच सुचवून पाहिलं, की घोर म्हणजे काळजी असाही अर्थ असू शकेल, रानात किंवा खाडीवर गेलेल्या माणसांची घरच्यांनी वाट पाहायची जागा. बिल्डरच्या माणसानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्याच्या ब्रोशरवर दुखवट्याची जाहिरात छापायला सांगितली.

सभा मोडायला लागली तेव्हा सासूबाई देवळाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती, पदराचं टोक मुठीत धरून बोलल्या.

"कमान बांदा, काय पन करा. नाव नका बदलू. माजा पोर आयला तर कनचा नाव इचारल?"

मग मागून एक जण म्हणाला, "बय, दादाकरं मोबाइल असल ना. मॅपवर बघल." आणि लोक हसले. मघाशी उखळावर हसले तसेच. मला त्या वेळी त्या सगळ्यांचा इतका संताप आला, की नवरा शेजारी नसता तर मी चप्पल काढली असती. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. त्यांचाही भाऊच होता तो. ते आईजवळ जाऊन म्हणाले, "कमानीवर खाली जुनं नाव लिहू. ब्रॅकेटमध्ये. झालं?"

गावाचा इतिहास लिहायचं काम साहजिकच मराठीच्या बाईंवर आलं. कमानीच्या खांबावर संगमरवरी पाटी लागणार होती. मी नाही म्हटलं असतं तर अध्यक्षांनी स्वतः लिहिला असता, आणि मग त्या सरदारानं इथून दिल्लीसुद्धा घेतली असती. म्हणून मी लिहिलं. असं लिहिताना आपली मराठी भाषा फार मदतीला येते. 'असे म्हणतात', 'अशी आख्यायिका आहे', 'जाणकारांच्या मते'. या तीन खुंट्यांवर कुठलाही इतिहास टांगता येतो. जाणकार म्हणजे माझे धाकटे दीर. शेवटच्या ओळीत मात्र मी सरळ लिहिलं, 'या गावाचे जुने नाव घोरेपाडा.' तेवढं खरं होतं.

कमानीचं उद्घाटन थाटात झालं. खराखुरा घोडा आणला होता, वरातीचा. बँडचा आवाज सुरू झाल्याबरोबर तो सवयीनं नाचायला लागला आणि पाहुण्यांच्या अंगावर गेला. देवळामागचा खडक क्रेननं उचलून कमानीशेजारी आणून ठेवला होता. मी वर पाहिलं. 'अश्वनगर', सोनेरी. त्याच्याखाली बिल्डरचं नाव. त्याच्याखाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सल्लागार आणि समस्त स्वागतोत्सुक मंडळी, फोटोंसह. घोरेपाडा नव्हतं. जागा उरली नाही, असं कमानवाला म्हणाला. संगमरवरी पाटीवरची माझी शेवटची ओळही याच कारणानं कापली होती.

"काय लिवलाय वर?" सासूबाईंनी मला विचारलं. त्यांना वाचता येत नाही.

मी सांगितलं. खोटं सांगायचं मनात आलं होतं, पण तेवढ्यात माइकवरून तेच नाव चार वेळा ओरडून झालं.

नाव इतक्या लवकर पुसलं जातं हे मला ठाऊक नव्हतं. रिक्षा स्टँडच्या फळीवर अश्वनगर आलं. बसथांब्यावर आलं. गावातल्या पोरांनी मोबाइलच्या नकाशावरही बदलून टाकलं. नवे रिक्षावाले घोरेपाडा म्हटलं की "किधर आया?" म्हणायला लागले. गंमत म्हणजे टॉवरवाले अश्वनगरही म्हणेनात, ते आपल्या इटलीलाच धरून राहिले. म्हणजे एवढी यातायात करून आणलेलं नाव फक्त आम्हीच वापरायचं होतं. सासूबाईंनी ते कधी तोंडात घेतलं नाही. रिक्षात बसल्या की "घोरेपारा" म्हणायच्या आणि रिक्षावाला माझ्याकडं बघायचा.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सासूबाईंचे डोळे दाखवून आम्ही दोघी डोंबिवलीहून परत येत होतो. कमानीखाली आता टॉवरवाल्यांची चौकी आहे, तिथं बिहारहून आलेला एक वॉचमन असतो. मोठा बोलका. बायकांच्या पिशव्या उचलून देतो. आमची रिक्षा थांबली तसा तो पुढं आला.

"गारी थोरा आगे लो भइया," रिक्षावाल्याला म्हणाला, आणि मग सासूबाईंकडं वळून, "माताजी, आप तो पुरानी हैं इहाँ की. ये घोरेपारा किधर परता है?"

सासूबाई रिक्षातून उतरता उतरता थांबल्या.

"कौन पूछा?" मी विचारलं.

"कल एक आदमी आया था. बूढ़ा जैसा. पैदल. घोरेपारा पूछ रहा था. हम बोले, इहाँ ऐसा कोई जगह नहीं है, ये तो अश्वनगर है. नकसा में भी देखे, नहीं मिला. थोरा देर उस पत्थर पर बइठा रहा, फिर चला गया."

"पारा बोल्ला?" सासूबाईंनी त्याचा दंड धरला. "घोरेपारा बोल्ला?"

"हाँ माताजी. घोरेपारा."

त्या माझ्याकडं वळल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. मला वाटलं आता रडतील, कपाळावर हात मारून घेतील, दारात आलेला पोरगा परत गेला म्हणून गावाला शिव्या घालतील. शिव्या घातल्या असत्या तर मीही घातल्या असत्या, माझ्याकडं साठल्या होत्या. पण त्या हसत होत्या.

"आयलता गो! माजा पोर जिता हाय. पारा बोल्ला तो. भायेरचा मानूस पारा बोलल कं?"

नवरा आणि धाकटे दीर दोघं मोटरसायकल घेऊन बाहेर पडले. डोंबिवली पाहिली, कल्याण पाहिलं, शिळफाट्यावरच्या टपऱ्या, देवळं, एसटी स्टँड. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशीही. कुणी सापडलं नाही. चौकीवरच्या कॅमेऱ्यात एका माणसाची पाठ दिसली, पांढरा शर्ट, हातात पिशवी. पाठीवरून कोण काय ओळखणार? दीर चौकीत खुर्चीवर बसून ती पाठ पुन्हा पुन्हा पाहत राहिले. मग घरी न येता थेट रंगाच्या दुकानात गेले आणि स्वतः कमानीच्या शिडीवर चढले. स्वागतोत्सुकांच्या फोटोंवर, स्वतःच्या फोटोसकट, पांढरा रंग मारला. वरूनच त्यांनी मला हाक मारून विचारलं, "वहिनी, ड लिहू का र?"

"र," मी म्हटलं.

'घोरेपारा' असं मोठ्या काळ्या अक्षरांत आता तिथं आहे. बिल्डरनं नोटीस पाठवलीय. पाठवू दे.

पण मला त्या दिवसापासून दुसरंच काहीतरी खुपतं आहे आणि ते मी कुणाजवळ बोललेले नाही. त्या वॉचमनलाही ड म्हणता येत नाही. गाडीला तो गारी म्हणतो, थोड्याला थोरा म्हणतो. त्याच्याकडंही आमच्यासारखाच ड चा र होतो. म्हणजे तो माणूस कुणीही असू शकतो. जुना विमा एजंट असेल, कुणाचा दूरचा पाहुणा असेल, पत्ता चुकलेला कुणी पेन्शनर असेल. त्यानं अगदी स्वच्छ, पुणेरी 'घोरेपाडा' म्हटलं असलं, तरी वॉचमनच्या तोंडून ते 'घोरेपारा' म्हणूनच बाहेर पडलं असतं. सासूबाईंना त्याची चूक ऐकू येत नाही, कारण त्यांच्या कानांना ती चूकच नाही. "यो भाय चांगला हाय," त्या म्हणतात. "आपल्यासारका बोलतं."

त्यांना आता रोज संध्याकाळी कमानीपर्यंत जायचं असतं. मी सोबत जाते. परवा त्या कमानीखाली थांबल्या आणि मला म्हणाल्या, "गो, तू एवरी शिकलेली, मराठीची बाय. तू सांग. पारा आपलाच मानूस बोलल ना?"

चौकीतून वॉचमन कुणाला तरी गारी बाजूला घ्यायला सांगत होता.

"हो आई," मी म्हटलं. "आपलंच माणूस."